एक शहर, एक क्लब

तात्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून खुंटीला अडकवला, तेव्हा आई हातातलं उलथनं तसंच घेऊन बाहेर आली.

"बरं वाटंना काय?"

"मला काय झालंय?"

"मग फेटा कशाला काढलासा?"

तात्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आकाशी निळा शर्ट काढला, दोनदा झटकला आणि अंगात चढवला. छातीवर कसल्याशा पक्ष्याचं चित्र, खाली इंग्रजीत ब्रॅकनमूर. तात्यांना तो खांद्यात तंग होत होता.

"लग्नात मुंडावळ्या सोडल्या आणि फेटा बांधून मॅचला पळालासा तुमी," आई म्हणाली. "आणि आज बोडक्यानं?"

"त्येंचा नियम हाय. सगळ्यांनी निळंच घालायचं. फेटाबिटा चालत न्हाई. क्यामेऱ्यात निराळं दिसतंय म्हणं."

"आणि तुमी ऐकलासा?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दारात बसून बुटाच्या नाड्या ओवत होतो.

"पोराचं हाय गं," ते म्हणाले. "एक दिस बोडक्यानं हिंडलो म्हणून काय पेठ बुडत न्हाई."

कोल्हापुरात फुटबॉल शहराचा नसतो, पेठेचा असतो. तालमीच्या हौद्यात सकाळी पैलवान घुमतात आणि त्याच तालमीच्या नावानं संध्याकाळी अकरा जण मैदानात उतरतात. आमची उमराव तालीम, रंग पिवळा-काळा. पलीकडं ओढ्याच्या अंगाला वाघजाई तालीम, त्यांचा लाल-पांढरा. दोघांत विस्तव जात नव्हता. का, ते विचारलं तर प्रत्येक म्हातारा वेगळी गोष्ट सांगायचा आणि प्रत्येक गोष्टीत सुरुवात वाघजाईनं केलेली असायची. वाघजाईत गेलात तर ती आमच्याकडून झालेली असणार.

तात्या हलगी वाजवायचे. पिवळाकाळा फेटा आणि गळ्यात हलगी, एवढीच त्यांची ओळख. स्टेडियमच्या पूर्वेच्या दारातून तो फेटा आत शिरला की "उमराव आली" असं लोक म्हणायचे. फेट्याखालचं डोकं पेठेत फार कुणी पाहिलेलं नव्हतं. चकचकीत टक्कल, आणि मधोमध जुन्या टाक्यांची लांब रेघ. कुठल्याशा फायनलला आलेला दगड. "फेटा नव्हता त्या दिवशी," असं तात्या सांगायचे, म्हणून तेव्हापासून तो कधी उतरला नाही.

ब्रॅकनमूर नावाचं गाव विलायतेत आहे हे मला निनाद सरांनी सांगितलं. हा तिथल्या फुटबॉल क्लबचा इकडचा माणूस, पुण्याचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. तो कॉयल नावाच्या गोऱ्या साहेबाला घेऊन आमच्या तालमीत आला. साहेब मारुतीसमोर बूट काढून मांडी घालून बसला, त्यामुळे म्हाताऱ्यांच्या मनात लगेच भरला.

"क्लब शंभर वर्षांचा आहे काका," निनाद सर तात्यांना म्हणाले. "पण वरच्या लीगमधून घसरला, टीव्हीचा पैसा बंद झाला. गावातली माणसंही मॅचला येईनात. आता तिथले बरेच क्लब काय करतात, परदेशात संघ काढतात. त्या देशातल्या लीगमध्ये उतरतात. तिथले प्रेक्षक दाखवून भांडवल उभं करतात."

"म्हंजे आमच्या जिवावर," तात्या म्हणाले.

सगळे हसले. निनाद सरही हसले. कॉयल साहेबाला कुणी सांगितलं नाही, तरी तोही हसला.

"तुमच्या जिवावर नाही हो, तुमच्या बरोबर. 'ब्रॅकनमूर कोल्हापूर' हा संघ देशाच्या लीगमध्ये उतरेल. त्याआधी एक सामना. त्यांची टीम येईल, समोर कोल्हापूर. उमराव आणि वाघजाई, दोन्हींची मिळून एक टीम. त्यातून तिघांना निवडून तीन वर्षांसाठी तिकडं नेणार. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं त्यांचं."

हे ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी तेवीस वर्षांचा होतो, उद्यमनगरात लेथवर काम करत होतो. मध्यात खेळायचो. माझ्या पायातून सुटलेला चेंडू हव्या त्या माणसाच्या पुढ्यात पडतो असं लोक म्हणायचे, आणि ते खरं होतं. पण पेठेतल्या खेळाडूचं पुढं काय होतं ते मी पाहिलेलं होतं. गुडघा जाईपर्यंत खेळायचं आणि मग पायऱ्यांवर बसून पोरांना शिव्या घालायच्या. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्या आठवड्यात मी दोनदा चुकीच्या मापाचे जॉब काढले आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या.

दोन्ही तालमी एका टीमला तयार झाल्या, याचं शहराला नवल वाटलं. त्यात नवल काही नव्हतं. निवडले जाणारे तिघं आपलेच असणार, याची दोघांनाही खात्री होती.

तात्यांनी एकदाच तोंड उघडलं. आमच्या स्टेडियममध्ये उमराव पूर्वेला बसते आणि वाघजाई पश्चिमेला. मधल्या पायऱ्या मोकळ्या ठेवतात. तिथं फक्त पोलीस. त्याला आम्ही शीव म्हणतो, गावाची असते तशी. निनाद सर जागा बघायला आले तेव्हा ती शीव त्यांना खटकली.

"इथंही माणसं बसवू. एकत्र, मिसळून. सगळ्यांना निळे शर्ट फुकट."

"शीव मोकळी ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले.

"काका, कॅमेऱ्यात भोक दिसतं."

"भोक बरं. आमी एवढी वर्सं त्या भोकावरच जगलोय."

निनाद सरांचा चेहरा जरा उतरला. तात्या आणखी काही बोलणार होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हलगीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तुमी शिकलेली माणसं. बघा." तात्या कुणाला असं म्हणाल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सामन्याच्या दिवशी स्टेडियम सकाळपासूनच भरू लागलं. आम्हीही निळ्या शर्टात मैदानात उतरलो आणि मी वर पाहिलं. पूर्व, पश्चिम, मध्य, सगळं निळं. पिवळाकाळा नाही, लाल-पांढरा नाही. लहानपणापासून मला डोळे मिटून सांगता यायचं की कुठं कोण बसलंय. त्या दिवशी डोळे उघडे ठेवूनही सांगता येईना.

लोकांच्या हातात निळे झेंडे होते. एरवी गेटवर पोलीस झेंड्याची काठी काढून घेतात. त्या दिवशी काठ्या क्लबनंच वाटल्या होत्या, चांगल्या अंगठ्याएवढ्या जाड, कारण झेंडा उंच दिसायला हवा होता.

तात्यांना त्यांनी बरोबर मधे, शिवेवर बसवलं होतं. हलगी शेकायला जाळ करायची परवानगी नव्हती, त्यामुळे ती ढबढब बोलत होती. खालून एक मुलगी लाल फलक दाखवायची तेव्हाच वाजवायचं आणि पांढरा दाखवला की थांबायचं. आयुष्यभर ज्यांनी कुणाच्या सांगण्यावरून हलगीचं टिपरू उचललं नाही, ते तात्या त्या पोरीच्या फलकाकडं डोळे लावून बसले होते. ओळखू येत नव्हते. मीसुद्धा त्यांना हलगीवरून शोधलं.

संग्राम पोवार त्यांच्यापासून चार-पाच पायऱ्या वर होता. मला तो थोरल्या भावासारखा. तात्यांनीच त्याला हलगी शिकवली, फेटा बांधायला शिकवला. त्यानं वरून मला झेंडा दाखवला आणि ओरडला, "इंद्या, विमानाचं तिकीट काढूनच ये भाईर!"

पहिल्या अर्ध्यात आम्ही अकरा जण नव्हतो. सहा आणि पाच होतो. आमचा कुणी वाघजाईच्या पोराला चेंडू देईना आणि त्यांचा कुणी आम्हाला देईना. त्यांचा धैर्यशील सुतार पुढं एकटा, हात वर करून उभा. तो शहरातला सगळ्यात चांगला स्ट्रायकर होता हे मला चांगलं ठाऊक होतं. त्याच्याविरुद्ध खेळून माझ्या नडग्या सोलपटल्या होत्या. पांढऱ्या शर्टातली गोरी पोरं आमच्यातून भाजीबाजारातून फिरावं तशी फिरत होती. दोन गोल झाले.

मधल्या सुट्टीत धैर्या माझ्याजवळ आला. वाघजाईचा माणूस आपणहून बोलायला आलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

"तुला जायाचंय न्हवं?" त्यानं विचारलं.

"तुला न्हाई काय?"

"मला बी जायाचंय. मग असं खेळून कोण न्हेणार आपल्याला? बॉल दे मला. मी तुला देतो. आपल्या लोकांस्नी काय वाटायचं ते वाटू दे."

"माझा बाप हाय वर."

"माझा बी हाय," तो म्हणाला.

मी साइडलाइनकडं पाहिलं. कॉयल साहेब मैदानाकडं पाठ करून उभा होता आणि कॅमेरावाल्याला पायऱ्यांवरचं काहीतरी बोटानं दाखवत होता. क्रेनवरचा कॅमेराही तिकडंच वळलेला. खेळ सुरू असतानाही सगळा वेळ साहेब तसाच उभा होता. मला वाटलं, आमचा खेळ इतका भिकार झालाय की बघवत नाहीये. म्हणून मी धैर्याला म्हटलं, "पळत ऱ्हा. मी टाकतो."

दुसऱ्या अर्ध्यात मला मध्यावर चेंडू मिळाला. डावीकडं आमचा माणूस मोकळा होता, पण मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गोऱ्यांच्या दोन डिफेंडरच्या मधून, जमिनीलगत, धैर्याच्या पुढ्यात चेंडू सोडला. आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला पास तो. धैर्यानं एक पाऊल टाकलं आणि गोलकीपरच्या बगलेतून जाळीत मारला.

आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलो. मला अजून त्याच्या घामाचा वास आठवतो. त्या क्षणी मला खात्री झाली की मी चाललो.

मग वरून आवाज आला. "गोल कुणाचा?" "वाघजाईचा!"

आणि लगेच दुसरा. "पास कुणाचा?" "उमरावचा!"

एरवी या घोषणा मधल्या मोकळ्या पायऱ्यांवरून पलीकडं जातात आणि तिथंच विरतात. शेवटी सगळे घसा बसवून घरी जातात. त्या दिवशी ज्याला उत्तर द्यायचं तो मांडीला मांडी लावून बसलेला होता. बघता बघता शिवेवरच्या पायऱ्या हलू लागल्या. कुणी कुणाची कॉलर धरली. मग ढकलाढकली, मग झेंडे वर गेले आणि खाली आले. पुन्हा वर गेले. कोण कुणाला मारतंय कळत नव्हतं. सगळेच निळे. एक जण दुसऱ्याला हाणत होता आणि "आरं मी उमरावचा, उमरावचा" असं तो दुसरा ओरडत होता.

हलगी थांबली होती. मला ते जरा उशिरा लक्षात आलं.

मी मैदानाभोवतीची जाळी चढून वर पोचलो तेव्हा पोलीस लोकांना खाली रेटत होते. तात्या पायऱ्यांवर पालथे पडले होते. हलगी अंगाखाली. तीन-चार पायऱ्या खाली रक्त गेलं होतं. मी त्यांना उताणं केलं, माझा शर्ट काढून डोक्याला दाबला. तोही निळाच. क्रेन आमच्या डोक्यावरून हळू हळू दुसरीकडं सरकली.

सरकारी दवाखान्यात तात्यांना शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. डॉक्टर म्हणाले, आत रक्त साठलंय, काही सांगता येत नाही. पण तात्या बोलत होते, माणसं ओळखत होते. बाहेर सगळी तालीम जमली होती. चार-पाच जणांना आत सोडलं. संग्राम सगळ्यांच्या पुढं. रडून त्याचे डोळे सुजले होते. तो खाटेजवळ गुडघ्यावर बसला.

"तात्या, निस्तं नाव सांगा. न्हाईतर खूण सांगा. वाघजाईतनं वढून आणतो त्येला."

तात्या त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

"कोण न्हाई रं. पायरीवरनं घसरलो मी."

"मागनं घाव हाय तात्या! डॉक्टरच म्हणालेत."

"घसरलो म्हटलं न्हवं? जावा आता. आणि कुणी वाघजाईत गेलासा तर माझी आन हाय."

ते गेल्यावर मी दार लोटलं. "खरं सांगा तात्या."

"तुझं काय झालं? निवडलं काय तुला?"

"अजून काय सांगितलं न्हाई. तुमी सांगा, कोण हुता?"

त्यांनी डोळे मिटले.

"आपलाच हुता," ते म्हणाले.

"आपला? कोण?"

"निळा शर्ट हुता. माझा बी निळाच की. डोस्क्यावर फेटा न्हाई, पाठमोरा म्हातारा... त्येनं तरी कसं वळकावं?" मग ते म्हणाले, "वळकलं न्हाईच त्येनं. पडता पडता मागं वळून मी बघितलं त्येला, त्येनं मला न्हाई. कुणाला बोलायचं न्हाईस इंद्या. आईला बी न्हाई. त्या पोराचं जगणं हराम हुईल."

"पर नाव?"

"नाव कशाला पायजे तुला? पास झकास टाकलास," ते म्हणाले. "मी बघितला."

त्याच आठवड्यात तात्या गेले. नेण्याआधी तालमीच्या रिवाजाप्रमाणं डोक्याला तालमीचा फेटा बांधायचा होता. जखम झाकेल असा बांधणं कुणाला जमेना. शेवटी संग्रामनं बांधला. तात्यांनी शिकवला होता तसाच, घट्ट, शेमला डाव्या कानावर. आईनं ते बघून टाहो फोडला. त्याआधी ती रडली नव्हती.

मी पास दिलेल्या चेंडूवरून भांडण पेटलं म्हणून काहींनी मला गद्दार म्हटलं. बाप गेलाय म्हणून तोंडावर म्हटलं नाही, एवढंच. मी पुन्हा उमरावकडून खेळलो नाही. दुसऱ्या कुणाकडून खेळण्याचा प्रश्नच नव्हता.

तिघांची निवड कधीच झाली नाही. निनाद सर फोन उचलत नव्हते. एकदा उचलला तेव्हा म्हणाले, "इंद्रजित, मला मनापासून वाईट वाटतं. पण सुरक्षेचा प्रश्न आल्यावर बोर्डानं कोल्हापूरचा विचार सोडला. सध्या आफ्रिकेत बोलणी चालू आहेत."

"आणि आमची निवड?"

"अरे, निवडायला कोच कुठं आला होता? तो सामना फिल्मसाठी होता." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे, मुख्यतः," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी लेथ सुरू केला आणि हातातला जॉब तसाच फिरत ठेवला, कापायचं सोडून. पाठ करून उभा असलेला साहेब डोळ्यांपुढून जाईना. संताप आला तो त्याचा नाही, माझा. मी त्याच्यासाठी खेळलो होतो.

नंतर पेपरात बातमी आली. ब्रॅकनमूर क्लबनं शेअर काढले, ते हातोहात खपले. गुंतवणूकदारांना भारतातल्या प्रेक्षकांच्या प्रेमाची फिल्म दाखवली होती म्हणे, ती सगळीकडं गाजत होती. कोल्हापूरचं नाव झालं म्हणून पेपरवाल्यानं शेवटी दोन ओळी अभिमानाच्याही टाकल्या होत्या.

आणि त्याच दिवशी संग्राम माझ्या कारखान्यात आला. आता तो तालमीचा अध्यक्ष आहे. तात्यांच्या नावानं दरवर्षी स्पर्धा भरवतो, फोटोला हार घालतो आणि भाषणात वाघजाईचं नाव न घेता वाघजाईला फाडून खातो. मी स्टेजवर बसलेला असतो. तेव्हा तो नुसता संग्राम होता. हात पुसून ये म्हणाला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला.

"फिल्म आलीय. बघ तर."

आधी नुसताच आवाज. हलगी. शेकलेली नसल्यामुळं ढबढब बोलणारी. मी लगेच ओळखली.

"तात्या," संग्राम म्हणाला आणि त्यानं मोबाइलचा आवाज वाढवला. "न्हेऊन न्हेऊन आवाज तेवढा न्हेला बघ त्येनी."

मग चित्रं सुरू झाली. निळ्या पायऱ्या. एक लहान पोरगी, गालावर निळा रंग. वर उडणारे झेंडे. तोंड उघडून ओरडणारी माणसं, सगळं हळू हळू, पाण्यात चालल्यासारखं. बघणाऱ्याला वाटावं, काय आनंद झालाय या लोकांना! मला माहीत होतं की हे कधीचं आहे. त्यात मैदान एकदाही दिसलं नाही. माझा पास नाही, धैर्याचा गोल नाही.

"आता बघ. आता मी येतोय," संग्राम म्हणाला.

तो आला. दोन्ही हातांनी झेंड्याची काठी डोक्याच्या वर उचललेली, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, डोळे मोठे. सगळ्या फिल्ममधला तोच सगळ्यात मोठा चेहरा होता. त्याच्या पुढं, चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, कुणाचं तरी पाठमोरं डोकं. बोडकं. मधोमध जुन्या टाक्यांची लांब रेघ.

चित्र तिथंच थांबलं आणि त्यावर मोठी पांढरी अक्षरं उमटली. एक शहर, एक क्लब.

"दिसलो?" संग्राम म्हणाला. "एवढ्या हजारो माणसांत शेवटाला मलाच घेतलंय. पेठेत सगळ्यांच्या मोबाइलवर हाय आता. थांब, परत लावतो."

त्यानं परत लावलं. काठी परत हळू हळू वर गेली. तो आपल्या चेहऱ्याकडं बघत होता. खालच्या कोपऱ्याकडं त्याचं लक्ष नव्हतं. तात्यांचं डोकं त्यानं जवळून पाहिलं होतं ते दवाखान्यात आणि फेटा बांधताना, आणि दोन्ही वेळा ते पट्ट्यांनी गुंडाळलेलं होतं.

"ह्येच्या पुढं काय हाय?" मी विचारलं.

"पुढं काय न्हाई. तितंच कापलंय त्येनी."

"बरं केलं," मी म्हणालो, आणि मोबाइल त्याच्या हातात परत दिला.